चाळीची गॅलरी, टॉवरचं गेट आणि आपण

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतल्या सात रेल्वे स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव मंजूर केला. सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, चर्नी रोडचं गिरगाव आणि करी रोडचं लालबाग. ब्रिटिशांच्या खुणा पुसल्या जाणार म्हणून अनेकांना आनंद झाला. मलाही त्याचं दुःख नाही. करी हा रेल्वेचा कुणी इंग्रज अधिकारी, त्याचं नाव गेल्याने माझं काही अडत नाही. याच भागातल्या डिलाईल रोडला पूर्वी ना. म. जोशींचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. १९२० साली आयटकच्या स्थापनेत जोशी होते. कामगारांच्या वस्तीतल्या रस्त्याला कामगारांच्या माणसाचं नाव मिळालं.

माझा प्रश्न वेगळा आहे. लालबाग हे नाव ज्या दिवशी स्थानकाच्या फलकावर लागेल, त्या दिवशी लालबागमध्ये लालबागकर किती उरलेले असतील? फलकावरच्या अक्षरांसाठी ठराव करणाऱ्या व्यवस्थेनेच गेली तीस-पस्तीस वर्षं इथल्या माणसाला बाहेर ढकलणारे नियम होऊ दिले. तुम्हाला नाव देतो, जमीन आम्हाला द्या, असा हा सौदा आहे.

या सौद्याशी मुसलमानांचा काय संबंध, असं आपल्यातलेच काहीजण विचारतील. लालबाग-परळ म्हणजे मराठी हिंदूंचा भाग, गणपतीचा भाग, तो त्यांचा विषय; आपला विषय डोंगरी, मदनपुरा, मुंब्रा. हा समज दोन्ही बाजूंनी पक्का झाला आहे. तो इतिहासाला धरून नाही आणि दोघांच्याही तोट्याचा आहे. त्याविरुद्ध मला बोलायचं आहे.

एक दिवस काढा

अलीकडे गिरणगावात हेरिटेज वॉक निघतात. सकाळी मंडळी जमतात, चिमणीचा फोटो काढतात, चाळीचा लाकडी जिना पाहून हळहळतात, मग एखाद्या मॉलमध्ये कॉफी पिऊन घरी जातात. दुसऱ्या बाजूला टॉवरकडे बोट दाखवून ‘बघा, मुंबईचं शांघाय झालं’ म्हणणारे आहेत. एकाला जुनं आवडतं, दुसऱ्याला नवं. दोघेही इमारतीचं वय आणि उंची पाहतात.

तुम्हीही एक दिवस काढा. सकाळी करी रोडला उतरा, पश्चिमेला लोअर परळ फिरा, दुपारी पुलावरून पूर्वेला लालबाग-परळमध्ये या आणि संध्याकाळी भायखळ्याला गाडी पकडा. पायी होण्यासारखं अंतर आहे. फक्त प्रत्येक इमारतीपुढे उभं राहून तिचं दार पाहा. या दारातून काल कोण आत जात होतं, आज कोण जातं आणि कुणाला अडवलं जातं, एवढंच विचारा.

पुलापासून सुरुवात

करी रोड स्थानकात उतरलात की एक पादचारी पूल दिसेल. तो भारतीय लष्कराने बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. नागरी स्थानकावर पूल बांधायला फौज का लागली? २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली म्हणून. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं.

या मृत्यूंचं कारण पाऊस आणि अफवा एवढंच सांगितलं गेलं. खरं कारण जमिनीत आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार चाळीतून निघायचा आणि भोंगा व्हायच्या आत पायी गिरणीत पोचायचा. त्याला लोकल लागत नव्हती. घर आणि काम एका भोंग्याच्या अंतरावर होतं. गिरण्यांच्या जमिनीवर ऑफिसं आणि मॉल उभे राहिले, पण तिथे काम करणाऱ्यांची घरं कल्याण, विरार, मुंब्रा, पनवेलकडे गेली. म्हणजे जी माणसं पूर्वी चालत यायची त्यांच्या जागी लाखो माणसं गाडीने येऊ लागली. स्थानकं मात्र गिरणीच्या काळातलीच राहिली. आर्किटेक्चर म्हणून काचेची इमारत पाहताना हा पूलही पाहायला हवा. दोन्ही एकाच आराखड्याचे भाग आहेत.

पश्चिमेला: चिमणी राहिली, कामगार गेला

पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी लागतात. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे मिळून दोनशेच्या वर इमारती बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांबच लांब मार्गिका, मजल्यावर सामाईक संडास. एका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा.

पुढे लोअर परळला या. श्रीनिवास मिलच्या जमिनीवर सुमारे २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन टॉवर आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला. तिची चिमणी आवारात शोभेसाठी राखली आहे. कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि पब आले. तिथेच २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले.

हे सगळं आपोआप झालं, काळाचा महिमा आहे, असं सांगितलं जातं. तसं नाही. त्याला तारखा आहेत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, विरून गेला. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असं त्याचं सूत्र होतं. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. तो कागदावर राहिला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीत शेडच शेड, मोकळी जागा किती असणार? लोकांच्या वाट्याला तुकडे आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरवला. सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न ‘फक्त मोकळी जमीन’ एवढ्या शब्दांनी निकाली निघाला.

त्याच २००५ मध्ये दादरला शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल क्र. ३ ची जमीन ४२१ कोटींना लिलावात गेली. घेणाऱ्यांत मराठी अस्मितेचं राजकारण करणारी घराणी होती. व्यवहार कायदेशीर होता. मी फक्त एवढंच म्हणतो की मराठी माणसाची जमीन कुणी घेतली, याचं उत्तर शोधायला मोहल्ल्यात यायची गरज नव्हती. ते समोरच्या फुटपाथवर होतं.

आणि कामगारांना काय मिळालं? घरासाठी दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारस पात्रतेची वाट पाहत राहिले. २०१२ ची सोडत, २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत, असं करत हाती लागली ती पंधरा हजारांच्या आसपास घरं. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवलं. ज्याच्या बापाने परळमध्ये तीस वर्षं सूत कातलं, त्याने आता कर्जतच्या गाडीत बसायचं. मुंबईत जागाच नाही म्हणतात. मग वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना त्याच आवारात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या कशा मिळाल्या? भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून भाडेकरूंना तिथल्या तिथे घर देण्याचं काम बोहरा समाजाचा ट्रस्ट कसा करतो आहे? जागेवर घर देता येतं. द्यायचं की नाही, हा निर्णय असतो.

पूर्वेला: लालबाग कुणाचं?

महादेव पालव मार्गाने पूर्वेला आलात की भारतमाता सिनेमा लागतो. चिवड्याच्या आणि मसाल्याच्या दुकानांचा वास येतो. गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

लालबागच्या राजाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातलं एक नाव कुणी मोठ्याने घेत नाही. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला. कोळी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी नवस केला. नगरसेवक आणि स्थानिक कार्यकर्त्यांच्या खटपटीने बाजाराला जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तिथे गणपती बसला. मंडळ स्वतः जो इतिहास सांगतं, त्यात जागामालकाचं आडनाव आहे तय्यबअली. नवसाच्या गणपतीमागची जमीन एका मुसलमान मालकाने दिली होती. मालकाने उपकार केले असं मला म्हणायचं नाही. भाडेकरूंनी रेटा लावला म्हणून जागा मिळाली. पण या नावाचा उच्चार मिरवणुकीत कधी होत नाही, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही ते माहीत नाही.

लालबागमध्येच लालशाह बाबांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या ट्रस्टचा एका विकासकाशी झालेला वाद २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. चाळ असो की दर्गा, या भागातली कुठलीही जमीन आज प्रथम प्लॉट असते.

पुढे काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलचं आवार आहे. ही मूळची ससून कुटुंबाच्या मालकीची. ससून बगदादहून आलेले ज्यू. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये काढणारे कावसजी नानाभाई दावर पारशी. करीमभॉय इब्राहिम खोजा मुसलमान; त्यांच्या घराण्याच्या ताब्यात करीमभॉय, फाजलभॉय, पर्ल, क्रेसेंट अशा गिरण्यांचा मोठा समूह होता, तो १९३३ मध्ये कोसळला. म्हणजे पिळणाऱ्यांतही आपण होतो. ते लपवायचं कारण नाही.

आणि राबणाऱ्यांत तर होतोच. उत्तरेतून आलेले मोमीन-अन्सारी विणकर मदनपुऱ्यात राहिले आणि गिरण्यांच्या विणकाम खात्यात मोठ्या संख्येने होते. हातमाग मोडला म्हणून ते यंत्रमागावर आले. त्यांच्या शेजारच्या मागावर साताऱ्याचा, रत्नागिरीचा मराठा किंवा कुणबी उभा असायचा. संपात दोघांचा पगार बुडायचा आणि दोघांच्याही घरी उधारीवर धान्य यायचं.

गॅलरीचं खरंखोटं

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. चाळीचं गुणगान मला गायचं नाही. आज चाळीवर जी नाटकं, मालिका आणि लेख येतात, त्यांत सगळे एकमेकांच्या घरी पुरणपोळी पाठवताना दिसतात. खरी चाळ तशी नव्हती.

परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर सुमारे बावीस वर्षं राहिले. गिरणगावचा विषय निघाला की हे अभिमानाने सांगितलं जातं. पण विणकाम खात्यात दलितांना प्रवेश नव्हता, हे त्याच दमात सांगितलं जात नाही. धोट्यातल्या बॉबिनचा दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा वापरायचा, हे कारण सवर्ण विणकर देत. जास्त मजुरीचं खातं त्यामुळे दलितांना बंद राहिलं. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि त्या खात्यात मुसलमान विणकर होते. इस्लाममध्ये उष्टं-खरकटं, शिवाशिव नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो. मग शेजारच्याला दाराबाहेर ठेवलं जात असताना आपले विणकर काय करत होते? याचं उत्तर आपल्या इतिहासलेखनाने अजून दिलेलं नाही.

तेव्हा चाळ म्हणजे स्वर्ग नव्हे. जातीच्या चाळी वेगळ्या होत्या, बायकांना उजाडायच्या आत संडासाची रांग धरावी लागत होती, क्षयाने माणसं मरत होती. तरीही चाळीच्या बांधकामात एक गोष्ट होती. गॅलरी सामाईक होती. शेवटच्या खोलीतल्या माणसाला पहिल्या खोलीच्या दारावरूनच जावं लागायचं. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाच्या घरात आज चूल पेटलेली नाही, हे लपत नसे. भांडण व्हायचं, पण अनोळखीपण नव्हतं. बार्शीत जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल नावाचा गिरणी कामगार शाहीर अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर कामगारांच्या मैदानांत गायला आणि संयुक्त महाराष्ट्राचा आवाज बनला. त्याला मराठीपणाचा दाखला कुणी मागितला नाही. तो आवाज अशाच एकमेकांच्या दारावरून जाणाऱ्या माणसांत घडला.

१९८२ नंतर कारखान्यातली ही भेट संपली. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा जीव गेला. त्यानंतर मिश्र वस्त्यांतली मुस्लीम कुटुंबं मुंब्रा, मीरा रोडकडे निघाली. दंगलीचं कारण फक्त संपाचा पराभव होता, असं कुणी म्हणणार नाही. पण पोटासाठी रोज एकत्र उभं राहण्याची जागा गेली, की अफवेवर विश्वास ठेवणं सोपं होतं, हे नाकारता येत नाही.

गेट

आता नवी इमारत पाहा. टॉवरला गॅलरी नाही. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते, दार बंद होतं. खाली गेट आहे, गेटवर वही आहे, वहीत नाव लिहायचं आहे. नावातच सगळं कळतं.

मुंबईत मुसलमानाला घर पाहायला गेल्यावर काय ऐकावं लागतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की ‘फ्लॅट कालच गेला.’ आता हे दलितांना, एकट्या राहणाऱ्या बाईला आणि मासे-मटण खाणाऱ्या मराठी माणसालाही ऐकावं लागतं. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला, ती महाराष्ट्रीय आहे म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारल्याचं प्रकरण गाजलं. तेव्हा सगळ्या पक्षांना संताप आला. तो रास्त होता. पण हेच गेट वर्षानुवर्षं आमच्या तोंडावर बंद होत होतं, तेव्हा कुणाला राग आला नाही. काहींना तर बरंच वाटलं. गेट एकदा बसवलं की ते कुणासाठी बंद करायचं हे बसवणारा ठरवतो. आज आमची पाळी, उद्या तुमची, एवढाच फरक.

कायदा इथे तोकडा पडतो. घटनेचं पंधरावं कलम भेदभाव करण्यापासून राज्यसंस्थेला रोखतं. दुकानं, उपाहारगृहं, पाणवठे यांचा उल्लेख त्यात आहे, खासगी गृहसंस्थेचा नाही. गुजरातमधल्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. त्या निकालाच्या आडोशाने शहरभर तटबंद्या उभ्या राहू शकतात.

पण गिरणगावातले टॉवर निव्वळ खासगी पैशांतून उभे राहिलेले नाहीत. नियम बदलला म्हणून जमीन मोकळी झाली. पुनर्विकासासाठी सरकारने जादा चटईक्षेत्र दिलं म्हणून मजले चढले. रस्ता, पाणी, मलनिस्सारण शहराचं. ज्या इमारतीचे निम्मे मजले सार्वजनिक सवलतीवर उभे असतात, तिने आत कोण राहणार हे धर्म, जात आणि ताट पाहून ठरवायचं, याला खासगी बाब कशी म्हणायची?

ब्रॅडफर्डकडे एकदा पाहा

आपल्याकडचे हेरिटेजवाले इंग्लंडचा दाखला देतात. तिथे गिरण्या कशा जपल्या पाहा, म्हणतात. दाखला चांगला आहे, पण पुरा सांगायला हवा.

उत्तर इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहराच्या हद्दीत साल्टेअर नावाची वसाहत आहे. टायटस साल्ट या लोकरीच्या कारखानदाराने १८५१ पासून गिरणी आणि भोवती कामगारांची दगडी घरं बांधली. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. ती पाडली नाही. तिच्यात चित्रदालन, पुस्तकांचं दुकान, ऑफिसं आली. डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोने साल्टेअरला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्याच २००१ च्या जुलैमध्ये त्याच ब्रॅडफर्डमध्ये मोठी दंगल झाली. १९५०-६० च्या दशकांत पाकिस्तानातून आलेल्या माणसांनी तिथल्या गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या होत्या. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या मुलांना काम उरलं नाही. गोरे एका भागात, आशियाई दुसऱ्या भागात, शाळाही वेगळ्या. ओल्डहॅम आणि बर्नली या गिरणीच्या शहरांतही त्याच उन्हाळ्यात दंगली झाल्या. चौकशी करणाऱ्या टेड कँटल यांच्या समितीने लिहिलं की इथले लोक समांतर आयुष्यं जगत आहेत, कुठेच एकमेकांना भेटत नाहीत.

एकाच शहराला एकाच वर्षी वारशाचा मान मिळाला आणि दंगलीचा डागही लागला. दगड जपले होते, शेजार जपला नव्हता. मुंबईने तर दगडही जपले नाहीत. जागतिक वारशाच्या यादीत आपलं व्हिक्टोरिया टर्मिनस आहे, फोर्ट आणि मरीन ड्राईव्हच्या इमारती आहेत. ज्या गिरण्यांच्या पैशावर हे शहर वाढलं, त्यांतली एकही नाही. काळाचौकीच्या मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आहे.

दोघांना दोन शब्द

मराठी हिंदू मित्रांना माझं म्हणणं आहे, तुमचं घर मुसलमानाने घेतलं नाही. ज्या वर्षांत तुम्हाला आमच्याकडे पाहायला शिकवलं गेलं, त्याच वर्षांत तुमच्या पाठीमागे नियम ५८ बदलला. लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळ्याच्या हिंदुस्तानी मशिदीपाशी येते तेव्हा तिथले मुसलमान स्वागताला उभे असतात. फोटो छापून येतो, मन भरून येतं. पण वर्षातून एकदा हार घालणारा माणूस तुमच्या सोसायटीत भाड्याने राहायला आला तर चालेल का? या प्रश्नाचं उत्तर फोटोत मिळत नाही.

आणि मुस्लीम वाचकांना म्हणतो, आपणही गेट बांधायला लागलो आहोत. ‘फक्त मुस्लिमांसाठी’ अशी जाहिरात आपले बिल्डरही करतात. भीतीतून आलेली मजबुरी मी समजू शकतो. दंगलीत घर गमावलेल्या माणसाला उपदेश करण्याचा हक्क कुणाला नाही. पण मजबुरीला मजहबचा रंग देऊ नका. आपल्या वस्तीतल्या इमारतीत जमात पाहून, बिरादरी पाहून खोली दिली जाते, तेव्हा टॉवरवाल्याला बोलायचं आपलं तोंड बंद होतं. गिरणी कामगारांच्या घरांचा मोर्चा निघतो तेव्हा त्यात मदनपुऱ्याचे, भायखळ्याचे लोक दिसायला हवेत. त्या घरांवर आपल्या विणकरांच्या वारसांचाही हक्क आहे. वारसांनी कागद शोधावेत, गिरणीचं तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, जे असेल ते काढून अर्जाचा पाठपुरावा करावा. हा लढा दुसऱ्याचा आहे असं मानलं की आपला हिस्साही आपण होऊन सोडून देतो.

मागण्या फार नाहीत. उरलेल्या गिरणी कामगारांना घर मुंबईतच द्या. एनटीसीच्या ताब्यातल्या जमिनी अजून संपलेल्या नाहीत. ज्या इमारतीने जादा चटईक्षेत्र किंवा पुनर्विकासाची सवलत घेतली, तिच्या परवान्यातच अट घाला, की धर्म, जात, भाषा, आहार यावरून कुणाला घर विकायला किंवा भाड्याने द्यायला नकार देता येणार नाही. दिला तर सवलतीचे पैसे दंडासह परत. आणि काळाचौकीचं संग्रहालय उघडेल तेव्हा तिथे यंत्रांबरोबर माणसंही असू द्या. मालकांत दावर, ससून आणि करीमभॉय. कामगारांत सातारा-कोकणचे, मदनपुऱ्याचे, आणि ज्यांना विणकाम खात्याच्या दारात थांबवलं गेलं तेही.

स्थानकाचं नाव लालबाग करा, माझी हरकत नाही. पण लालबागकर म्हणवणाऱ्या प्रत्येक आमदाराला पुढच्या निवडणुकीत या तीन मागण्यांवर लेखी उत्तर मागा. हिंदूंनी मागा, मुसलमानांनी मागा, आणि जमलं तर एकाच अर्जावर सह्या करून मागा.